वाचक विचारतात : तरुण मनांवर संशोधन करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये किशोरवयीन आणि तरुण मुलांच्या मानसिक आरोग्यावरच्या संशोधनाबद्दल बरेच प्रश्न होते. काही या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांचे, काही शिक्षकांचे आणि पालकांचे, आणि एक अशा मुलाचा, ज्याच्यापुढे प्रश्नावली ठेवली जाते. उत्तरं या विषयात काम करणाऱ्या अभ्यासकांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तरुणांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करायचं तर आधी डॉक्टर किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हावंच लागतं का?

उत्तर : नाही. निदान आणि उपचार करायचे असतील तर ती पात्रता हवीच. संशोधनाच्या गटात मात्र संख्याशास्त्र जाणणारे, मुलाखती घेऊन त्यांचं विश्लेषण करणारे, विदा (डेटा) सांभाळणारे, सार्वजनिक आरोग्याकडून आलेले असे सगळेच लागतात. प्रश्नावलीवर किंवा मुलाखतीत एखादं मूल संकटात आहे असं दिसलं तर कोणाला बोलावायचं, हे ठरलेलं असलं पाहिजे आणि तो माणूस पात्र असला पाहिजे. तो तुम्हीच असण्याची गरज नाही.

पीएचडीला थेट अर्ज करण्याआधी वर्ष-दोन वर्षं एखाद्या प्रकल्पात क्षेत्र-संशोधक म्हणून काम करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. संमतीपत्र समजावून सांगणं, ठरलेल्या शब्दांत मुलाखत घेणं, कोरे राहिलेले रकाने कसे नोंदवायचे, एकाच मुलाचे दोन फॉर्म कसे शोधायचे, या गोष्टी वर्गात शिकवल्या जात नाहीत आणि पुढे प्रबंध अडतो तो बहुतेक वेळा इथेच. जोडीला 'आर'सारखं एखादं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिका. पीएचडीला तीन ते सहा वर्षं धरा. त्यानंतर पोस्ट-डॉक्टरेटची दोन-तीन वर्षं, तीही बऱ्याचदा एकाहून अधिक ठिकाणी.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रसिद्ध लेखांची संख्या मोजत बसू नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि विचारा : पदवीला किती वर्षं लागली? गोळा केलेली विदा कोणाच्या ताब्यात राहिली? शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं लागलं आणि ते कधी ठरलं? नावांचा प्रश्न काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवून घ्यावा. नंतर काढला की कटुता येते.

अभ्यासासाठी वय कोणतं घ्यायचं, यावरही नीट विचार करा. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षांच्या मुलांना किशोरवयीन म्हणते आणि १० ते २४ या गटाला तरुण. १९२ अभ्यासांच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात मानसिक आजार सुरू होण्याचं प्रमाण साडेचौदा वर्षांच्या आसपास सर्वाधिक दिसलं आणि जवळपास निम्मे आजार अठरा वर्षांच्या आत सुरू झालेले होते. मुलं सहज सापडतात म्हणून फक्त महाविद्यालयात अभ्यास केला, तर सुरुवातीचा काळ हातातून निसटतो आणि शिक्षण सुटलेली मुलं मोजणीत येतच नाहीत.

प्रश्न : पीएचडीसाठी ४०० विद्यार्थ्यांकडून मोबाइलचा वापर आणि नैराश्य यांच्या प्रश्नावल्या भरून घेणार आहे. मार्गदर्शक म्हणतात, नमुना पुरेसा आहे. तुमचं मत?

उत्तर : नमुन्याआधी अभ्यासाचा आराखडा पाहू. एकाच दिवशी दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या की हाती सहसंबंध येतो. मोबाइलमुळे मूल उदास झालं, की उदास मूल मोबाइलकडे वळलं, की अपुरी झोप, घरातली भांडणं किंवा वर्गातली छळणूक यांमुळे दोन्ही झालं, हे त्यातून कळत नाही. शिवाय 'दिवसाला किती तास मोबाइल वापरतोस?' याचं उत्तर आणि फोनमध्ये नोंदलेला प्रत्यक्ष वापर यांचा मेळ मध्यमच बसतो. उदास मूल स्वतःच्या वापराकडेही अधिक कठोरपणे पाहत असेल, तर मोजमापातली चूकच निष्कर्ष होऊन बसते.

आता संख्या. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी तीन मोठ्या सर्वेक्षणांतल्या साडेतीन लाखांहून जास्त किशोरांची विदा तपासली. मुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. म्हणजे सहसंबंध साधारण ०.०६ (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). एवढा बारीक संबंध ८० टक्के खात्रीने पकडायला सुमारे दोन हजार मुलं लागतात. ४०० मुलांत ०.१४ च्या आसपासचा किंवा त्याहून मोठा संबंधच तेवढ्या खात्रीने दिसू शकतो. लहान नमुन्यात योगायोगाने मोठा आकडा आला की तो छापला जातो, आणि पुढच्या अभ्यासात तो सापडत नाही.

०.४ टक्के ही सरासरी आहे, हे मात्र विसरू नका. मध्यरात्रीनंतर धमक्यांचे संदेश येणारी मुलगी आणि मित्रांशी क्रिकेटवर गप्पा मारणारा मुलगा या सरासरीत एकाच रकान्यात बसलेले असतात. तुमचा प्रश्न अरुंद करा : कोणत्या मुलांत, कोणत्या वेळचा, कशा प्रकारचा वापर? तुमच्या आवाक्यात बसेल असा आराखडा सुचवतो. सव्वाशे-दीडशे मुलं घ्या. १४ दिवस रोज चार वेळा फोनवर छोटे प्रश्न पाठवा, भरायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागणार नाहीत एवढेच. झोपेची वेळ रोज सकाळी विचारा. फोनमधली वापराची नोंद मुलाच्या परवानगीने घ्या. मग एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करण्याऐवजी त्याच मुलाचा आजचा दिवस त्याच्याच कालच्या दिवसाशी ताडून पाहता येईल. साधारण आठवड्यानंतर उत्तरं कमी व्हायला लागतात. म्हणून मोबदल्याचा एक भाग दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा आणि परीक्षेचे दिवस टाळा. उत्तर न आलेल्या वेळाही नोंदवा. मूल सगळ्यात वाईट मनःस्थितीत असतानाच बहुधा फोन बाजूला पडलेला असतो.

प्रश्न : आमच्या शाळेत नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला गेला. अहवालात लिहिलं आहे, 'दर चार मुलांपैकी एकाला नैराश्य'. पालक घाबरले आहेत. मुख्याध्यापक म्हणून मी काय सांगू?

उत्तर : वर्णनावरून तो फॉर्म 'पीएचक्यू-९' असावा. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ही चाळणी आहे, निदान नव्हे. हा फरक अहवालाच्या पहिल्याच पानावर यायला हवा होता.

गणित करून पाहू. १३ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका तपासणीत ११ गुणांची सीमा धरली, तेव्हा खरोखर नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्के मुलं या फॉर्मने पकडली आणि नैराश्य नसलेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के मुलांना बरोबर बाजूला ठेवलं. समजा, तुमच्या शाळेत १,००० मुलं आहेत आणि त्यातल्या ८० जणांना खरंच नैराश्य आहे. फॉर्म त्यातली ७१ पकडेल. उरलेल्या ९२० मधल्या २२ टक्के, म्हणजे सुमारे २०२ मुलांवरही तो चुकून बोट ठेवेल. एकूण २७३. अहवालात 'चारातला एक' असं येईल, आणि त्या २७३ पैकी प्रत्यक्ष आजारी असतील फक्त ७१.

म्हणून चाळणीनंतर दुसरी पायरी लागते : प्रशिक्षित व्यक्तीने घेतलेली रचनाबद्ध मुलाखत. १९६०च्या दशकात मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी आइल ऑफ वाइट बेटावर १०-११ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तो असाच दोन टप्प्यांत. आधी पालकांच्या आणि शिक्षकांच्या प्रश्नावल्या, मग निवडलेल्या मुलांची प्रत्यक्ष तपासणी. पैसे कमी असले तरी फॉर्मवर जास्त गुण आलेल्या सगळ्यांची आणि कमी गुणांच्या काही मुलांचीही मुलाखत घ्यावी. नाहीतर चाळणीतून निसटलेली किती, हे कधीच समजत नाही.

पालकांना सांगा की हा आकडा पुढे कोणाशी बोलायचं, ते ठरवण्यापुरता आहे. आणि संशोधकांना आजच विचारा : त्या मुलांशी कोण बोललं, कधी बोललं? स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय दुसरं उत्तर दिलेल्या मुलांचं काय केलं? याचं उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ बसू नका.

प्रश्न : तोच नववा प्रश्न. 'मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का?' असं मुलांना विचारल्याने त्यांच्या डोक्यात नको तो विचार जाणार नाही का? एका शाळेने आम्हाला तो प्रश्न काढायला सांगितला आहे.

उत्तर : विचारल्याने विचार रुजतो, असं पुरावा सांगत नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हे नेमकं तपासलं गेलं. काहींना आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारले, काहींना नाही. विचारलेल्यांमध्ये ताण वाढला नाही, आत्महत्येचे विचारही वाढले नाहीत. आधीच नैराश्य असलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांना तर विचारल्यानंतर उलट थोडं हलकं वाटलेलं दिसलं.

धोका असतो तो विचारून गप्प बसण्यात. मुलाने कागदावर लिहून दिलं, आणि तो कागद तीन आठवडे गठ्ठ्यात पडून राहिला, असं होता कामा नये. फॉर्म पूर्ण निनावी असेल तर हा प्रश्न खरंच काढा, कारण उत्तराचा पाठपुरावा करताच येणार नाही. प्रश्न ठेवायचा असेल तर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या आणि क्रमांक-नावाची यादी वेगळ्या कुलपात ठेवा.

संमतीपत्रात 'कोणालाही काहीही सांगितलं जाणार नाही' असं लिहू नका, ते वचन पाळता येत नाही. लिहा : 'तू लिहिलेलं आम्ही गुप्त ठेवू; पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे, किंवा कोणी तुला त्रास देतंय असं वाटलं, तर मदत करू शकेल अशा माणसाला सांगावं लागेल, आणि ते आधी तुला सांगू.' पालकांच्या संमतीबरोबर मुलाची स्वतःची मान्यताही हवी. पालक हो म्हणाले आणि मूल नाही म्हणालं, तर उत्तर नाही.

मग माणसांचा हिशोब. समजा, दहातल्या एका मुलाने नवव्या प्रश्नावर शून्याशिवाय काही लिहिलं. एका दिवशी ३०० फॉर्म घेतले तर ३० मुलं होतात. एकेका मुलाशी नीट बोलायला ३० ते ४० मिनिटं लागतात, म्हणजे १५ ते २० तासांचं काम. एका समुपदेशकाला ते त्याच दिवशी जमणार नाही. म्हणून दिवसाला साठच फॉर्म घ्या. शुक्रवारी दुपारी किंवा सुटीच्या आदल्या दिवशी तर अजिबात नको. सकाळच्या पहिल्या तासाला भरून घ्या, बाकं लांब ठेवा, शिक्षकांना वर्गाबाहेर थांबायची विनंती करा. मुलं घरी जाण्याआधी प्रत्येक फॉर्मचा नववा प्रश्न एका माणसाने पाहिलेला असला पाहिजे.

बोलावताना वर्गात नाव पुकारू नका. फॉर्ममध्ये काहीच नसलेल्या दोन-चार मुलांनाही थोडा वेळ बोलवा, म्हणजे कोणाकडे बोट दाखवलं जात नाही. खोलीत सरळ शब्दांत विचारा : हा विचार आत्ताही येतो का, कसं करायचं ते ठरवलं आहे का, त्यासाठीची वस्तू हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का, घरात कोणाशी बोलता येतं? विचार येतो पण योजना नाही, अशा मुलाची समुपदेशकाशी त्याच आठवड्याची वेळ ठरवा. योजना किंवा साधन असेल तर मुलाला एक क्षणही एकटं सोडू नका. नेमलेल्या तज्ज्ञाला तिथूनच फोन करा आणि पालकांना बोलावून घ्या. धोका घरातूनच असेल तर पालकांऐवजी बालसंरक्षण यंत्रणेकडे जा. कोणी, कोणाकडे, किती वाजता सोपवलं याची लेखी नोंद ठेवा. दोन-तीन दिवसांनी फोन करून मूल खरंच तज्ज्ञापर्यंत पोचलं का ते पाहा. हाताला चिठ्ठी दिली म्हणजे काम झालं, असं समजू नये. बरीच मुलं तिथपर्यंत पोचतच नाहीत.

एवढी तयारी नसेल, तर शाळेचं ऐका आणि प्रश्न काढा.

प्रश्न : आमची संस्था शाळांत ताण-व्यवस्थापनाचे वर्ग घेते. ताणाच्या प्रश्नावलीत जास्त गुण आलेल्या १२० मुलांसाठी आठ आठवड्यांचे वर्ग घेतले. नंतर त्यांचे गुण सरासरी चारने उतरले. हा निष्कर्ष प्रसिद्ध करू का?

उत्तर : अजून नको. सगळ्यात जास्त गुणांची मुलं निवडली, तर काहीही न करता पुढच्या वेळी त्यांची सरासरी खाली येतेच. कारण पहिल्या दिवशी त्यातली काही मुलं नेहमीपेक्षा वाईट दिवसात सापडलेली असतात. पहिली मोजणी परीक्षेआधी आणि दुसरी निकालानंतर झाली असेल, तर फरक आणखी फुगतो. चार गुणांपैकी वर्गांमुळे किती उतरले, हे तुलना गटाशिवाय सांगता येत नाही. 'मदतीची गरज असलेल्या मुलांना वंचित कसं ठेवायचं?' हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. कोणाला वर्ग आधी आणि कोणाला एका सत्रानंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दोघांनाही वर्ग मिळतात, आणि मधला काळ तुलनेचा होतो.

चिठ्ठ्या मुलांच्या टाकायच्या की शाळांच्या? वर्गात शिकलेलं मुलं एकमेकांना सांगतात, म्हणून बहुधा शाळांच्या. पण मग संख्येची किंमत घटते, कारण एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. सूत्र सोपं आहे : एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला साधर्म्याच्या गुणांकाने (एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी किती, ते सांगणारा आकडा) गुणा, एक मिळवा आणि एकूण मुलांच्या संख्येला त्याने भागा. शाळेत ४० मुलं आणि गुणांक ०.०३ असेल, तर २.१७ येतात. म्हणजे तुमची १,००० मुलं विश्लेषणात ४६० एवढीच भरतात. या बाजूला एक शाळा, त्या बाजूला एक शाळा असा अभ्यास करू नका. त्यात शाळेचा फरक आणि वर्गांचा फरक वेगळा काढताच येत नाही. गळतीसाठी २० टक्के धरून नमुना ०.८ ने भागा.

निकाल मनासारखा लागेलच असं नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या 'मिरियड' चाचणीत ८५ शाळांतली ११ ते १४ वयाची आठ हजारांहून जास्त मुलं होती. २०२२ मध्ये निष्कर्ष आले : शिक्षकांनी शिकवलेल्या सजगतेच्या (माइंडफुलनेस) वर्गांचा नेहमीच्या शिकवणीपेक्षा जास्त फायदा झाला नाही. बिहारमधल्या ७४ शाळांत झालेल्या 'सेहेर' चाचणीत, जी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तोच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला आणि काही शाळांत खास त्यासाठी नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी. शाळेतलं वातावरण आणि मुलांचं नैराश्य दुसऱ्या प्रकारात स्पष्ट सुधारलं, पहिल्यात नाही. कार्यक्रम कोण राबवतं, याला आम्ही मजकुराइतकंच वजन देतो. तुमच्या अहवालातही कोणत्या वर्गाला किती मुलं हजर होती आणि ठरलेल्यापैकी किती शिकवून झालं, हे लिहा.

प्रश्न : मुलीला हेच करिअर करायचं आहे. दिवसभर दुःखाच्या कहाण्या ऐकून ती खचेल, शिवाय नोकरीही पक्की नाही, अशी भीती वाटते.

उत्तर : तुमच्या दोन्ही भीती रास्त आहेत. नोकरी बरीच वर्षं प्रकल्पाच्या निधीवर असते, दोन-तीन वर्षांच्या कराराची. तिने विश्लेषणाचं कौशल्य पक्कं केलं तर दोन करारांमधल्या काळात आरोग्य किंवा शिक्षण क्षेत्रात काम मिळतं.

मनावरच्या भारासाठी प्रकल्पात नियम लागतात, नुसतं धीराचं बोलणं पुरत नाही. दिवसाला दोनच सखोल मुलाखती. आठवड्याला एकदा वरिष्ठांशी तासभर बोलणं, त्यात कामाच्या आकड्यांचा विषय नको. मुलांना स्वतःचा खासगी फोन नंबर न देणं. ध्वनिमुद्रण ऐकून टंकलेखन करणाऱ्याला प्रकल्पात कोणी विचारत नाही, पण तोच मजकूर तो पुन्हापुन्हा ऐकत असतो, त्यालाही हेच नियम लावावेत. असे नियम विचारल्यावर ज्या प्रकल्पाचा प्रमुख हसतो, तिथे तिने जाऊ नये.

धीर लागतो, हे खरं. जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी १९९३च्या सुमारास अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स भागातल्या १,४२० मुलांच्या दरवर्षी मुलाखती घ्यायला सुरुवात केली. मध्येच तिथल्या मूळनिवासींच्या वस्तीत कॅसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा प्रत्येक मूळनिवासी कुटुंबाला मिळू लागला. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांचं आक्रमक, नियम मोडणारं वागणं कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीपर्यंत खाली आलं. चिंता आणि नैराश्यात मात्र तसा बदल दिसला नाही. २००३ मध्ये हे छापलं गेलं. पैसा येण्याआधीची तीन-चार वर्षं कोणीतरी चिकाटीने मोजून ठेवली होती, म्हणून हे कळलं.

प्रश्न : फरक आढळला नाही, तर असा निबंध कोण छापतं?

उत्तर : 'नोंदणीकृत अहवाल' हा प्रकार स्वीकारणारी नियतकालिकं शोधा. ती विदा गोळा करण्याआधी तुमची पद्धत तपासतात आणि पद्धत पटली तर निकाल काहीही आला तरी छापायचं मान्य करतात. ते जमलं नाही तरी मुख्य मोजमाप कोणतं, कोणत्या महिन्यात, कोणत्या विश्लेषणाने, हे आधी जाहीरपणे नोंदवून तारीख घ्या.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे. आमच्याकडे सारखे फॉर्म येतात. भरतो, मग पुढे काय होतं कधीच कळत नाही. आम्हाला कोणी काही विचारतं का?

उत्तर : विचारायला हवं, आणि काही ठिकाणी विचारलं जातं. चांगल्या प्रकल्पात तुझ्या वयाच्या आठ-दहा जणांचा सल्लागार गट असतो. प्रश्न कोणते, भाषा कशी, फॉर्म केवढा, निकाल मुलांपर्यंत कसा पोचवायचा हे तो गट ठरवायला मदत करतो आणि त्याला वेळेचा मोबदला मिळतो. न्यूझीलंडमधल्या डनेडिन अभ्यासात १९७२-७३ साली जन्मलेली १,०३७ मुलं होती. त्यातल्या हयात असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त माणसं पंचेचाळिसाव्या वर्षीही तपासणीला आली. परदेशी गेलेल्यांना अभ्यासाच्या खर्चाने बोलावून घेतलं जातं आणि त्यांची माहिती कशी जपायची याबाबत कडक शिस्त पाळली जाते. माणसं परत येतात ती अशा वागणुकीमुळे.

पुढचा फॉर्म हातात आला की पेन उघडण्याआधी विचार : माझं नाव आणि माझी उत्तरं एकत्र कोण पाहू शकतं? निकाल आम्हाला कधी आणि कोण सांगणार? एखादा प्रश्न नको वाटला तर तो कोरा सोडायचा तुला हक्क आहे, कारण द्यावं लागत नाही. फॉर्म दिल्यानंतरही तुझी उत्तरं काढून टाकायला सांगता येतं, पण नावांची यादी नष्ट केल्यावर ती शोधताच येत नाहीत. ती यादी कोणत्या तारखेला नष्ट होणार, हे फॉर्म देतानाच विचारून लिहून घे.